यंत्र आपले, भाषा कुणाची?

जळगाव शहरातील मेहरूणसारख्या भागात आज अनेक घरांत एक विसंगती आढळते. टेबलाच्या कोपऱ्यात, धूळ बसू नये म्हणून फडके पांघरलेला एक प्रिंटर असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तो घेतला तेव्हा शेजारी संगणक होता आणि दोघांना जोडणारी तार होती. पुढे संगणक बंद पडला, त्याची जागा मोबाइलने घेतली. २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळाच मोबाइलवर भरली, आणि तेव्हापासून घरातील बहुतेक लिखापढी त्याच्यावरच होत आली आहे. मोबाइलला वायफाय कळते. प्रिंटरला ते कळत नाही. दोन्ही यंत्रे धडधाकट असून एकाच खोलीत आहेत, तरी मुलीच्या परीक्षेचे प्रवेशपत्र छापण्यासाठी बापाला चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानापुढे उभे राहावे लागते. ‘मॉडेल जुने झाले, आता वायफायचाच घ्या,’ हा सल्ला त्याला हमखास मिळतो, आणि एक चालू यंत्र भंगाराच्या वाटेला लागते.

महागाई आणि बेकारी सोडून या पानावर प्रिंटरची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. प्रिंटर हे निमित्त आहे. पैसे मोजून घेतलेले, चालू स्थितीतले यंत्र निकामी केव्हा समजायचे हे कोणी ठरवायचे? ते वापरणाऱ्याने की विकणाऱ्याने? आज याचा निर्णय परस्पर विकणाऱ्याच्या बाजूने होत आहे, आणि त्यासाठी त्याला यंत्राचा एक स्क्रूही मोडावा लागत नाही. यंत्राला हुकूम देण्याची भाषा स्वतःपाशी राखून ठेवली की त्याचे काम भागते. ही भाषा लोकांच्या हाती आली पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

कागद संपलेला नाही

‘आता सगळे ऑनलाइन झाले, कागद लागतोच कोणाला,’ असा युक्तिवाद सुशिक्षित मंडळी करतात. तो वस्तुस्थितीला धरून नाही. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तथापि तो कर्जाच्या कागदपत्रांना जोडायचा तर बहुतेक ठिकाणी छापूनच द्यावा लागतो. भरतीचा अर्ज संगणकावर भरतात, परंतु प्रवेशपत्र हातात घेऊनच परीक्षा केंद्राच्या दारात उभे राहावे लागते. २०२४ च्या जूनअखेरीस ‘लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली तेव्हा अर्ज, हमीपत्र आणि दाखल्यांच्या प्रतींसाठी गावोगावच्या सेतू केंद्रांपुढे आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागल्या होत्या, हे फार जुने नाही. राज्यकारभार संगणकावर गेला, म्हणजे कागद छापण्याचा खर्च सरकारच्या टेबलावरून उठून नागरिकाच्या खिशावर आला.

हा खर्च एका पानाचा पाहिला तर किरकोळ वाटतो. परंतु त्यात दुकानापर्यंतची खेप, बुडालेला वेळ आणि आपले आधार, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला परक्याच्या मोबाइलवर पाठवण्याची लाचारी मिळवावी लागते. पान छापून झाल्यावर ती कागदपत्रे त्या संगणकात किती दिवस पडून राहतात, हे कोणी विचारत नाही. घरातला प्रिंटर चालू राहिला तर ही लाचारी टळते. बचत गटाचा हिशेब, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, घरगुती पापड-लोणच्यांच्या पाकिटांवरील चिठ्ठ्या अशी लहान कामेही घरच्या घरी होतात. ज्या घराची मिळकत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपते, त्या घराला ही चैन नव्हे.

यंत्र कोठे अडते

प्रश्नाचे तांत्रिक स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे राजकारण समजत नाही. म्हणून थोडे तपशिलात जाणे भाग आहे.

‘तारेचा प्रिंटर’ म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. काही प्रिंटरांना, विशेषतः कार्यालयांतून वापरून निघालेल्यांना, मागच्या बाजूस टेलिफोनच्या जोडणीसारखी पण जरा रुंद खोबण असते. ती जाळ्याची, म्हणजे लॅनची खोबण होय. असा प्रिंटर घरी असेल तर बहुतेक वेळा काहीच विकत घ्यावे लागत नाही. एक साधी लॅन केबल त्या खोबणीतून राउटरमध्ये लावली की प्रिंटर घराच्या जाळ्यात येतो. राउटर आणि मोबाइल यांच्यात वायफाय असते, राउटर आणि प्रिंटर यांच्यात तार. कित्येक घरांत ही खोबण कोणी पाहिलेलीच नसते.

दुसरा प्रकार यूएसबी केबलचा. घरगुती प्रिंटरांत हाच अधिक. यूएसबीच्या रचनेत एक बाजू हुकूम देणारी आणि दुसरी तो पाळणारी, अशी वाटणी ठरलेली आहे. प्रिंटर ही हुकूम पाळणारी बाजू; तो स्वतः होऊन कोणाशी संबंध जोडू शकत नाही. शिवाय या केबलची लांबी प्रमाणित नियमाप्रमाणे ५ मीटरपर्यंतच धरलेली आहे. सारांश, असा प्रिंटर वायफायवर आणायचा तर त्याच्याजवळ एक जागता मध्यस्थ बसवावा लागतो. मध्यस्थाने एका हाताने वायफायवरून येणारे काम घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते तारेतून प्रिंटरला द्यायचे. संपूर्ण युक्ती एवढीच आहे.

मध्यस्थ कोणाला करायचे याचे चार मार्ग आहेत. घरात एखादा संगणक चालू असेल तर त्याच्यावर प्रिंटर ‘शेअर’ करता येतो. दोष असा की संगणक झोपला की प्रिंटरही झोपतो. दुसरा मार्ग राउटरचा. काही राउटरांना यूएसबीची खोबण असते आणि त्यांत प्रिंटरची सोय केलेली असते. परंतु इंटरनेट देणारी कंपनी जो डबा घरी बसवून जाते त्यात ही सोय पुष्कळदा नसते, किंवा असली तरी ग्राहकाला खुली नसते. तिसरा मार्ग ‘प्रिंट सर्व्हर’ नावाची तयार डबी विकत घेण्याचा. ती आपल्या मॉडेलला चालते की नाही याची खात्री दुकानातच करून घ्यावी, कारण अनेक डब्या केवळ काम पुढे ढकलतात, त्याचे भाषांतर करीत नाहीत.

चौथा मार्ग मला सर्वांत श्रेयस्कर वाटतो. पडदा फुटलेला किंवा बॅटरी गेलेला एखादा जुना लॅपटॉप, अथवा २०१२ पासून मिळणारा रास्पबेरी पायसारखा हाताच्या पंजावर मावणारा संगणक घ्यायचा. त्यावर लिनक्स आणि ‘क्युप्स’ ही मुद्रणाची मुक्त प्रणाली बसवायची. दोन्हींना दाम पडत नाही. प्रिंटर यूएसबीने त्याला जोडायचा. ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा जाळ्यावरील पत्ता व त्यापुढे ६३१ हा क्रमांक लिहिला की क्युप्सचे पान उघडते. तेथे प्रिंटर नोंदवून तो घरातील जाळ्यापुरता सर्वांसाठी खुला करायचा. राउटरमध्ये त्या संगणकाला एक कायमचा पत्ता नेमून द्यायचा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर शोधाशोध होत नाही. मग अँड्रॉइडचा मोबाइल असो वा आयफोन, ‘प्रिंट’ म्हटल्यावर त्या जुन्या यंत्राचे नाव यादीत दिसते. दहावीनंतर संगणकाचा थोडाफार सराव असलेला मुलगा किंवा मुलगी एका दुपारी हे काम करू शकते.

अडचण तारेची नव्हे

एवढे सोपे असेल तर मग तक्रार कशाबद्दल? तक्रार अशी की हा चौथा मार्ग प्रत्येक प्रिंटरला चालत नाही, आणि तो का चालत नाही याचे कारण यंत्रात सापडत नाही.

प्रिंटरला हुकूम एका विशिष्ट भाषेत द्यावा लागतो. काही प्रिंटरांना सर्वज्ञात, प्रसिद्ध झालेल्या भाषा समजतात. परंतु किंमत कमी करण्यासाठी अनेक प्रिंटरांतून स्वतःचा मेंदू काढून टाकला गेला आणि पानाची जुळणी करण्याचे काम संगणकातील ड्रायव्हरवर सोपवले गेले. आपल्या दुकानांत आणि कार्यालयांत एकेकाळी सर्रास दिसणारे एचपीचे लेसरजेट १०२० आणि कॅननचे एलबीपी २९०० हे याच जातीचे. यंत्रे म्हणून दोन्ही दणकट. लेसरजेट १०२० ला लागणाऱ्या मूळ टोनरच्या कार्ट्रिजवर चिपचा पहारा नसल्यामुळे शहरातला कारागीर ती सहज पुन्हा भरून देतो. जळगावच्या उन्हाळ्यात शाईचे प्रिंटर पडून राहिले तर त्यांची शाई वाळते. टोनरच्या भुकटीला ती भीती नाही. आणि तरीही ही यंत्रे मोबाइलच्या युगात अडली, कारण त्यांची भाषा खाजगी होती.

लेसरजेट १०२० ची भाषा बाहेरच्या स्वयंसेवी प्रोग्रामरांनी उलगडून लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिला, म्हणून तो प्रिंटर आज रास्पबेरी पायवर चालू शकतो. हा प्रिंटर इतका परावलंबी आहे की प्रत्येक वेळी वीज दिल्यावर त्याची आतली प्रणालीही संगणकाने त्याला नव्याने पाठवावी लागते. स्वयंसेवकांनी तीही सोय केली. एलबीपी २९०० साठी कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला खरा, पण तो इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरांपुरता तयार करून दिला. रास्पबेरी पायचा प्रोसेसर एआरएम जातीचा. त्यावर तो चालत नाही. मूळ मजकूर मिळता तर कोणीही तो नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधून घेतला असता. तो न मिळाल्यामुळे येथेही बाहेरच्या माणसांना भाषा चाचपडत शोधावी लागली. म्हणजे ज्या गृहस्थाकडे जुना लॅपटॉप आहे त्याचे काम होते, आणि ज्याने छोटा संगणक आणला त्याचे अडते. यात प्रिंटरचा काय दोष?

परक्याच्या मध्यस्थीवर विसंबण्याचा परिणाम काय होतो, याचेही उदाहरण ताजे आहे. गूगलने २०१० मध्ये ‘क्लाउड प्रिंट’ नावाची सेवा आणली. जुना, वायफाय नसलेला प्रिंटरही तिच्या द्वारे मोबाइलला जोडता येई. जगभरातील लोकांनी तिच्यावर आपली व्यवस्था उभी केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी ती सेवा बंद करण्यात आली. प्रिंटर तेच, घरे तीच, राउटरही तेच. केवळ एका कंपनीच्या निर्णयाने जोडणी तुटली. ज्यांनी घरातल्या घरात स्वतःचा मध्यस्थ बसवला होता त्यांचे काहीच बिघडले नाही.

संगणकाच्या बाजूनेही हेच घडत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की प्रिंटर-कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने मिटवली जाईल आणि यापुढे भर सर्वमान्य मुद्रण-नियमांवर राहील. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधारही संपला. सर्वमान्य नियमांकडे जाणे स्वागतार्ह आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या यंत्राला हे नियम येत नाहीत, आणि ते शिकवू शकणाऱ्याला त्या यंत्राची भाषा ठाऊक नाही. संक्रमणाची किंमत अशा रीतीने पुन्हा त्याच माणसाच्या माथी बसते, ज्याने काटकसरीने जुने यंत्र सांभाळले.

प्रिंटरवरूनच पेटलेली ठिणगी

हा झगडा आजचा नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रामर काम करीत होता. तेथील प्रिंटर जाळ्यावर होता आणि तो दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे कागद अडकला की कोणाला कळत नसे. स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या प्रणालीत बदल करून कागद अडकल्याची वर्दी सर्वांच्या पडद्यावर येईल अशी व्यवस्था केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सने प्रयोगशाळेला नवा लेसर प्रिंटर दिला. त्याच्या प्रणालीचा मूळ मजकूर मात्र दिला नाही. तो ज्याच्यापाशी होता अशा दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाने, आपण गुप्ततेचा करार केला आहे असे सांगून, प्रत देण्यास नकार दिला. सहकाऱ्याने सहकाऱ्याला मदत नाकारावी अशी अट घालणारी ही रीत स्टॉलमनला अनैतिक वाटली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली. या चळवळीमागे इतरही कारणे होती, परंतु तिच्या मुळाशी एक प्रिंटर होता, हे विसरता येत नाही.

याच परंपरेत पुढे मायकेल स्वीट या प्रोग्रामरने १९९७ मध्ये ‘क्युप्स’चे काम सुरू केले. २००७ मध्ये ॲपलने तिचा मूळ मजकूर विकत घेतला. तरीही ती मुक्तच राहिली, कारण तिचा परवाना मुक्त होता. श्रीमंत कंपनीच्या महागड्या संगणकात आणि मेहरूणमधल्या पडदा फुटलेल्या लॅपटॉपवर एकच प्रणाली चालू शकते. ज्ञान सामायिक ठेवले तर ते वाटल्याने कमी होत नाही, या म्हणण्याला याहून सोपा पुरावा कोणता द्यायचा?

यंत्राविषयी आपल्याकडे झालेला विचारही येथे स्मरणीय आहे. गांधीजींना यंत्रविरोधी ठरवणारे हे विसरतात की १९२४ साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपांतून आवर्जून वगळले होते. घरातल्या माणसाच्या हाताखाली राहणारे यंत्र त्यांना मान्य होते. राममनोहर लोहियांनी १९५२ मध्ये पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा आग्रह धरला, त्याचाही रोख सत्ता आणि उत्पादन विखुरण्याकडे होता. घरातला प्रिंटर आणि त्याच्याजवळचा पंजाएवढा संगणक ही लहान यंत्रेच आहेत. परंतु लहान यंत्राची किल्ली दूरच्या कंपनीकडे असेल तर त्याचे लहानपण नावापुरतेच उरते.

लहरी जनतेच्या, नियमही जनतेचे

आणखी एक बाजू सहसा बोलली जात नाही. वायफाय ज्या रेडिओलहरींवर चालते त्या कोणा कंपनीच्या नाहीत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे नि:संदिग्धपणे सांगितले. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. घरोघरी वायफाय शक्य झाले ते या निर्णयामुळे. सार्वजनिक संपत्तीचा काही भाग सर्वांना विनामूल्य खुला केला की केवढे कार्य उभे राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय. त्या खुल्या मैदानावर आपले उपकरण विकणाऱ्यांनी उपकरणाची भाषा मात्र कुलूपबंद ठेवावी, आणि आपण ते गृहीत धरावे, हे न्यायाला धरून नाही.

आपला कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेपर्यंत आलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद आली. आपण स्वतंत्रपणे लिहिलेली प्रणाली दुसऱ्या प्रणालीबरोबर चालावी यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर कायदेशीर धारकाला ती उलगडून काढण्याची मुभा या तरतुदीने दिली. म्हणजे बंद प्रिंटरची भाषा शोधणारे स्वयंसेवक चोर नव्हेत. कायदा त्यांच्या बाजूला आहे. परंतु ही केवळ मुभा आहे. कुलूप फोडलेस तर तुला शिक्षा होणार नाही, एवढेच ती म्हणते. किल्ली देण्याचे बंधन ती कोणावर घालीत नाही. या मुभेचे रूपांतर कर्तव्यात झाले पाहिजे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की नवा वायफाय प्रिंटर आता काही हजारांत मिळतो, मग एवढा खटाटोप कशाला? स्वस्त प्रिंटरचा नफा प्रिंटरात नसून पुढे आयुष्यभर विकत घ्याव्या लागणाऱ्या शाईत असतो, हे गुपित राहिलेले नाही. आणि टाकलेल्या यंत्राचे काय? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत प्रिंटर आणि कार्ट्रिज स्पष्टपणे आहेत. या नियमांचा भर मोडीत निघालेल्या वस्तूच्या पुनर्चक्रीकरणावर आहे. वस्तू मोडीत निघूच नये यासाठीचा प्रयत्न दुय्यम राहिला आहे. धातू वितळवून परत मिळवण्यापेक्षा यंत्र चालू ठेवणे केव्हाही अधिक शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. २०२१ मध्ये विंडोजच्या मुद्रणव्यवस्थेत मोठी भगदाडे सापडली. सप्टेंबर २०२४ मध्ये क्युप्सशी संबंधित प्रणालींतही गंभीर दोष उघड झाले. मुक्त प्रणाली म्हणजे निर्दोष प्रणाली, असा दावा कोणी करू नये. फरक असा की तिचे दोष चारचौघांत तपासले जातात आणि दुरुस्ती सर्वांना मिळते. वापरणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत: मध्यस्थ संगणकाची प्रणाली अद्ययावत ठेवावी, प्रिंटर घराच्या जाळ्यापुरताच खुला करावा, आणि वायफायचा परवलीचा शब्द गल्लीभर वाटू नये.

तिसरा आक्षेप कंपन्यांच्या बौद्धिक हक्कांचा. कंपनीने आपली चालू निर्मिती राखावी, याला हरकत नाही. प्रश्न आहे तो विक्री बंद झालेल्या, आधार काढून घेतलेल्या यंत्राचा. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर-कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की कार्ट्रिज एकदा विकल्यावर तिच्या पुढील वापरावर पेटंटच्या जोरावर नियंत्रण ठेवता येत नाही. भांडवलशाहीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशातही ‘विकले ते विकले’ हे तत्त्व मान्य होते, तर आपण संकोचण्याचे कारण काय? फ्रान्सने तर २०१५ च्या कायद्याने वस्तूचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

मागणी कशाची करायची

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. सुरुवातीला चार क्षेत्रे घेतली गेली: शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. प्रिंटर व संगणक यांचा त्यांत स्वतंत्र उल्लेख नव्हता. ही उणीव दूर झाली पाहिजे. आणि दुरुस्ती म्हणजे केवळ सुटे भाग, ही व्याख्याही अपुरी आहे. ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राचा आधार बंद करील त्या दिवशी तिने त्याची भाषा, शक्य तर ड्रायव्हरच्या मूळ मजकुरासह, प्रसिद्ध केली पाहिजे. ही अट कायद्याने घातली जावी.

दुसरी मागणी सरकारच्या स्वतःच्या खरेदीची. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्राने २०१० मध्ये आणि मुक्त प्रणालींचे धोरण २०१५ मध्ये स्वीकारलेले आहे. जिल्हा परिषद, महापालिका, तहसील यांनी प्रिंटर घेताना सर्वमान्य भाषा जाणणाराच घ्यावा, एवढे जरी निविदेत लिहिले तरी बाजाराला वळण लागेल. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आणून दाखवली; महाराष्ट्राला ते अशक्य नाही. कार्यालयांनी निर्लेखित केलेले चालू प्रिंटर कवडीमोलाने भंगारवाल्याला न देता, मध्यस्थ संगणक जोडून, शाळांना आणि वाचनालयांना द्यावेत.

तिसरी गोष्ट मागणीची नसून करण्याची आहे. जळगावात शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहे. गोलाणी मार्केटमध्ये यंत्रांची नस ओळखणारे दुरुस्ती-कारागीर आहेत. त्यांच्या हाताला कसब आहे. अडते ते फक्त बंद भाषेपाशी. विद्यार्थ्यांनी आणि या कारागिरांनी मिळून महिन्यातून एका रविवारी मेहरूणच्या एखाद्या शाळेत वा वाचनालयात बसावे आणि लोकांनी आणलेले जुने प्रिंटर जाळ्यावर चढवून द्यावेत. कोणते मॉडेल कसे चालले, कोणते अडले, याची मराठीत वही ठेवावी. दुसऱ्या गावाला तीच वही कामी येईल. विद्यार्थ्याला पुस्तकाबाहेरचे ज्ञान मिळेल, कारागिराला नवे काम मिळेल, आणि घराला आपले यंत्र परत मिळेल.

अशा कामाने मोठे परिवर्तन होईल असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. जे प्रिंटर खरोखर झिजले आहेत ते जातील. काहींची भाषा उलगडणार नाही. छपाई जमली तरी एखाद्या यंत्राचा स्कॅनर जाळ्यावर येणार नाही. परंतु त्या वहीत ‘अडले’ म्हणून जितकी नावे चढतील, त्यांतील प्रत्येकापुढे कारण लिहावे: भाग मिळाला नाही, की भाषा मिळाली नाही. दुसऱ्या कारणाची यादी घेऊन ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि आपल्या खासदाराकडे जाता येईल. तक्रार तेव्हा कोणा एकाच्या गैरसोयीची राहणार नाही. पैसे दिलेल्या माणसाला त्याच्या मालकीच्या यंत्राची भाषा का नाकारली, याचा जाब तेव्हा नावानिशी विचारता येईल.